सूर्याचा वाटा

बाई,

उत्तर मिळालं. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी, आणि तुम्हाला आवडलं असतं तितकं साफ नाही, पण मिळालं. आभाळाच्या सगळ्या बाजूंनी जो मऊ क्ष-किरणांचा मंद उजेड येतो, जो मोजण्यात तुमची सगळी नोकरी गेली, त्यातला काही वाटा आपल्या सूर्याचा आहे. तुम्ही नाक मुरडाल इतका आहे. पण उरलेला, आणि तो मोठा आहे, खरोखरच बाहेरून येतो, ताऱ्यांच्या मधल्या त्या तापलेल्या विरळ वायूतून, तुम्ही म्हणत होता तिथूनच. हे सांगण्यासाठी मी कितीतरी दिवस मनात वाक्यं जुळवत होते. आता लिहून टाकलं, आणि पुढे काय लिहावं ते सुचत नाही. कांदिवलीच्या या घरात दुपारची सामसूम आहे, आई आतल्या खोलीत झोपलीय, ती उठेपर्यंतचा वेळ माझा. हल्ली वेळ असा तुकड्यांनीच मिळतो, आणि मिळाला की त्याचं काय करायचं हे ठरवतानाच दमायला होतं.

सगळी प्रयोगशाळा तुम्हाला मॅडम म्हणायची, मी एकटीच बाई म्हणायचे. वाकोल्याच्या माझ्या शाळेत शिकवणारी प्रत्येक स्त्री बाईच असायची, दुसरा शब्द जिभेवर नव्हता. पहिल्याच दिवशी तोंडातून निघून गेलं आणि बाकीचे हसले. मी खाली बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "म्हणू दे तिला. बरं वाटतं ऐकायला." मग मला त्या कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेलात, जिथे खिडक्या बनायच्या. खिडकी म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा, दुधावरच्या सायीहून कितीतरी पातळ. मऊ क्ष-किरण इतके अशक्त की बाजारातल्या साध्या पिशवीतूनही पार होत नाहीत, म्हणून ते मोजणाऱ्या डब्याला असली खिडकी; आणि डब्यात वायू भरलेला, तो त्याच खिडकीतून बाहेर पडायला टपलेला. अंधेरीच्या दमट हवेत तो पापुद्रा चौकटीवर ताणताना तुम्ही श्वास रोखायचात आणि मान वळवून भिंतीकडे सोडायचात. मलाही तसंच करायला लावलंत. "शिंक आली तर आधी बाहेर पळ, मग शिंक," म्हणालात. माझा पहिला फाटला, दुसरा फाटला. मी विचारलं, "बाई, यातले किती टिकतात?" तुम्ही कात्रीने पुढचा तुकडा कापत म्हणालात, "बरेचसे नाही टिकत. टिकतो तो वर जातो."

पण आपण नेमकं काय मोजतोय ते मला कळलं तुमच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात. रविवारी बोलावलं होतंत. तुमची धाकटी बहीण बांगडे तळत होती, तवा जास्त तापला आणि सगळी खोली धुराने भरली. मी खोकत दाराकडे निघाले तर तुम्ही माझा दंड धरलात. "थांब. खिडकीबाहेरची बिल्डिंग दिसते का?" नाही दिसत, मी म्हटलं. "माझ्यामागचा दिवा?" अंधुक दिसतोय. "झालं तर. धुरातून लांबचं दिसत नाही. जो उजेड डोळ्यापर्यंत येतो, तो जवळचाच असणार." ताऱ्यांच्या मधे वायूचा असाच धूर आहे, मऊ क्ष-किरण त्यात लगेच विरतात, तरीही ते आपल्यापर्यंत येतात, म्हणजे सूर्याच्या आजूबाजूलाच, त्या धुरातल्या एखाद्या पोकळीत, लाखो अंशांनी तापलेला वायू असला पाहिजे. इतका विरळ की त्यात कुणी उभं राहिलं तर गारठून मरेल. तुमची बहीण ओरडली, "अगो, पोरीक आधी जेवूक तरी घाल!" आणि तुम्ही ताट वाढलंत. मला अजून ते आठवतं, कारण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे काम मला जमेल.

माझे वडील गेले तेव्हा मी प्रबंधाच्या मध्यावर होते. वाकोल्याच्या चाळीत पुण्यानुमोदन होतं, गल्लीत सतरंज्या टाकल्या होत्या. बुद्धवंदना सुरू झाली आणि मागे बघितलं तर तुम्ही शेवटच्या ओळीत, पांढरं पातळ नेसून, मांडी घालून बसलेल्या. कुणाशी बोलला नाहीत, जाताना आईचे हात हातात घेतलेत आणि निघालात. महिनाभराने रिक्षातून टेबलफॅन घेऊन आलात. आमच्या पोटमाळ्यावर मी लिहायला बसायचे, तिथे पत्र्याचा ताप असायचा, ते तुम्ही त्या दिवशी बसल्या जागेवरून पाहिलं असणार. आई संकोचून म्हणाली, "अहो एवढं कशाला?" तुम्ही म्हणालात, "तिला घाम आला की आकडे चुकतात." त्यावर आई हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदा.

मग ते उड्डाण. दक्षिणेतला तो किनारा, नारळाची झाडं, वाळूत उभं केलेलं आपलं छोटं रॉकेट आणि त्याच्या नाकात आपला डबा, त्याला आपली खिडकी. हवेच्या वर जाऊन ते अगदी थोडी मिनिटं राहणार, तेवढ्यात मिळेल ते मोजायचं आणि मग सगळं समुद्रात. मी पडद्यासमोर उभी, तुम्ही शेजारी. वर झाकण उघडल्याचा इशारा आला आणि तरी रेघ सपाट. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमची बोटं थंडगार होती. मग रेघ हलली, आणि हलत राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तुम्ही नाही वाजवल्यात, रेघ बंद पडेपर्यंत तुम्ही पापणी हलवली नाहीत, आणि ती बंद पडल्यावर शांतपणे म्हणालात, "चला, गेलं पाण्यात. आता चहा." त्या मिनिटांवर आपण दोघींनी पुढची कितीतरी वर्षं काढली. तुमच्या नावाने तो आकडा ओळखला जाऊ लागला. पोकळीतल्या तापल्या वायूचा उजेड म्हणजे तुमचा आकडा.

आणि मग गोरेगावची ती सभा. तोपर्यंत धूमकेतूंनी घोळ घातला होता. धूमकेतू म्हणजे बर्फ, त्यांच्यातून क्ष-किरण यायचं कारण नाही, तरी ते येत होते. कारण निघालं सूर्याचा वारा. सूर्यापासून सतत जे विद्युतभारित कण सुटत असतात, ते थंड अणूंना भिडले की त्यांचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात, आणि तेव्हा अगदी असेच मऊ क्ष-किरण सुटतात. सभेत एक तरुण संशोधक उठला. तो काही उद्धट नव्हता, उलट घाबरलेलाच होता. म्हणाला, "मॅडम, असे थंड अणू सगळ्या सूर्यमालेत पसरलेले आहेत. मग तुम्ही जो उजेड मोजलाय तो ताऱ्यांमधला कशावरून? सगळाच इथला, आपल्या अंगणातला नसेल कशावरून?" तुम्ही उत्तर द्यायच्या आत मी उभी राहिले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज चढला होता, त्याचं वयही काढलं मी. तुम्ही मागून माझा पदर ओढलात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "खाली बस. मी तुला वकील नेमलेलं नाही." मग त्या तरुणाला म्हणालात, "असू शकतं. मला सांगता येत नाही."

मी तुमच्याबरोबर मुलुंडच्या बसमध्ये चढले, तुम्हाला एकटं सोडवेना. खरं तर माझाच अपमान झाला होता आणि मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी बोलाल. बस आरे कॉलनीतून चालली होती, गोठ्यांचा वास येत होता, खिडकीला झाडाच्या फांद्या घासत होत्या. मी म्हटलं, "बाई, त्याला काय कळतंय? आयुष्यभराचं काम असं एका वाक्यात खोटं ठरत नाही." तुम्ही माझ्याकडे वळलात. चिडलात की तुमची मालवणी बाहेर यायची. "माका आवडणा नाय म्हणान ता खोटा कसा गो? बोल." मग तुम्ही शुद्ध मराठीत, जरा मऊपणाने म्हणालात, "वेगळं काढून दाखवायला पाहिजे. सूर्याचं किती आणि बाकी किती." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तेच काम दिलंत, पण तेव्हा ते जमण्यासारखं नव्हतं. दोन्ही उजेड दिसायला सारखे. वेगळे काढणार कशाने? तुम्ही निवृत्त झालात, मी अडकले शिकवण्यात, समित्यांत, आईच्या दवाखान्यांत. मधूनमधून फोनवर तुम्ही विचारायचात, मी "अजून नाही" म्हणायचे. मग तुम्ही विचारणं कमी केलंत. मला वाटलं, माझ्यावर दया करताय.

शेवटचं भेटले ते तुमच्या घरीच. आजार हाताबाहेर गेला होता, तुम्ही दवाखान्यात राहायला नकार दिला होता. पलंगावर तुम्ही इतक्या लहान दिसत होतात की मला आधी वाटलं दुसरंच कुणी झोपलंय. बहीण कोपऱ्यात औषधं लावत होती. मी जवळ बसले तर तुम्ही डोळे उघडलेत, माझं मनगट धरलंत आणि विचारलंत, "उत्तर इला काय गो?" इतक्या दुखण्यात, अशा अवस्थेत यांच्या डोक्यात हेच आहे, असं वाटलं. मी म्हटलं, "अजून नाही, बाई. पण येईल. मी बघते." तुम्ही मान हलवलीत. "बघ हां," म्हणालात आणि डोळे मिटलेत. आठवडा नाही गेला.

त्या दोन शब्दांवर मी पुढची वर्षं काढली, बाई. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, त्या दिवसांत मोठं काहीच नव्हतं. आईला विसरायला होऊ लागलं, मग ती मलाही कधी ओळखायची कधी नाही. माझे गुडघे गेले. प्रयोगशाळेत नवी माणसं आली, त्यांना मोठ्या दुर्बिणी हव्या होत्या, लांबची कृष्णविवरं हवी होती, आमचा हा घराजवळचा उजेड त्यांच्या वाटेतला कचरा होता, मोजायचा तो वजा करण्यापुरता. कुणी म्हणालं, सोड ना यार, किती वर्षं तेच तेच. मी हसून टाळायचे आणि मनात म्हणायचे, मी शब्द दिलाय. मग बाहेरच्या एका गटाने युक्ती काढली. सूर्यमालेत बाहेरून वाहत येणारं हेलियम, म्हणजे त्या थंड अणूंपैकीच, सूर्याच्या ओढीने त्याच्या पाठीमागे एका पट्ट्यात गोळा होतं, आणि डिसेंबरात पृथ्वी तिथून जाते. त्या पट्ट्याकडे बघितलं की सूर्याचा वाटा जास्त दिसणार. किती जास्त, ते मोजलं की बाकीच्या आभाळाचा हिशोब लागतो. त्यांनी रॉकेट पाठवून ते मोजलं. तीच रीत धरून मी आपली ती जुनी मिनिटं पुन्हा सोडवायला घेतली, आई झोपली की थोडी, सुट्टीत थोडी, एक मोठी चूक झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ते जुळलं. जुळलं त्या दिवशी मला आनंद झाला असं आठवत नाही. मी मुगाची खिचडी लावली आणि आईला भरवली.

मग वाटलं, कुणाला तरी सांगायला हवं. मागच्या महिन्यात मुलुंडला गेले. तुमची बहीण आता खूप थकलीय, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत. तिने मला ओळखलं, बसवलं, कोकम सरबत दिलं. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ती बरोबर होती काय चुकली?"

"बरीचशी बरोबर होती."

"बरा झाला," ती म्हणाली, पण ते एखाद्या शेजारणीचा मुलगा पास झाल्यावर म्हणावं तसं. मला राहवेना. मी म्हटलं, "मावशी, त्यांनी मला शेवटी तेच विचारलं होतं. तुम्ही होता ना तिथे? उत्तर आलं का म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं. "ता? ता तुझ्या कामाचा नव्हता गो. गावाक भावाक निरोप धाडलेलो, एकदा येवन भेटून जा म्हणान. वर्सानुवर्सां बोलणा नव्हता दोघांचा, घराच्या वाटणीवरसून. त्याचा उत्तर येवचा होता. ती सगळ्यांकाच इचारी. दूधवाल्याकसुद्धा इचारलान तिना."

मी म्हटलं, "पण मी तर म्हणाले, मी बघते."

"होय तर. तू गेल्यावर माका म्हणाली, पोरगी बघता म्हणता, ती आणीत त्याका. त्या रात्री बरी झोपली."

"मग आले का ते?"

"खंय येता! आता तोय गेलो." तिने माझा रिकामा पेला उचलला. "तू कित्याक रडतंस? तुका काय ठावक होता?"

मी रडत होते हे मला तिच्याकडून कळलं. येताना रिक्षात बसले आणि आधी हसू आलं. दूधवाल्याला मी डोळ्यांसमोर आणलं, हातात पिशव्या, आणि तुम्ही त्याला विचारताय. मग तुमचा राग आला. एकदा तरी म्हणायचं, भाऊ. मला तुमचा भाऊ आहे हेच माहीत नव्हतं. इतक्या रविवारी तुमच्या घरी जेवले, तुमचं मनगटावरचं बोट कसं थंड पडतं ते मला ठाऊक, आणि हे नाही. मी गेले असते, बाई. रात्रीची एसटी धरून गेले असते, त्याच्या दारात बसले असते, वाद घालायला तर मला येतंच. ते एक काम मी नक्की करू शकले असते. त्याऐवजी मी घरी येऊन कागद उघडले. माझ्या भरवशावर तुम्ही दाराकडे बघत राहिलात, आणि मी तिकडे आभाळात तुमचं उत्तर शोधत बसले. हे कुणाला सांगू? आईला सांगितलं परवा, वेणी घालताना. ती म्हणाली, "बाई म्हणजे त्या पंखावाल्या ना?" आणि पुढच्या क्षणी विसरली.

सूर्याचा वाटा वेगळा काढणं सोपं वाटतं आता. तुमच्या त्या "बघ हां"मध्ये माझ्यासाठी काही होतं का, अगदी थोडं, ते मला काढता येत नाही. कदाचित नव्हतं. तुम्ही निवृत्त झाल्यावर कामाचं विचारणं कमी केलंत ते दयेने नसेल, तुमचं त्यातून मन निघालं असेल. माणसाचं निघतं. माझंही निघेल, पुढच्या वर्षी निवृत्ती आहे. त्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. आत आई जागी झाल्यासारखी वाटतेय, पलंग वाजला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक राहिलेलं सांगते. आपला निबंध छापायला गेलाय. त्याच्या सुरुवातीला मी एक अर्पणाची ओळ घातली होती, की हे काम त्यांना, ज्यांनी शेवटच्या दिवसांतही हाच प्रश्न विचारला. मुलुंडहून आले त्यानंतर दोन दिवसांनी मुद्रितं तपासायला आली. मी एका आकड्यातलं चिन्ह सुधारलं, एका नावातली वेलांटी सुधारली. ती ओळ वाचली. ती खरी नाही हे तेव्हा मला ठाऊक होतं. ती तशीच ठेवली आणि सही करून परत पाठवली.